पर्याय आधी, एजंट नंतर

(मुंबईत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

५ मार्च २०२० ला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. खातेदारांना ५० हजारांच्या वर पैसे काढता येणार नाहीत, ही बातमी तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. त्याच रात्री फोनपेचे यूपीआय व्यवहारही बंद पडले. फोनपेचं स्वतःचं सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. पण यूपीआयच्या जाळ्यात शिरायचं तर कुठली तरी बँक मध्ये लागते, आणि फोनपे तेव्हा त्यासाठी एकट्या येस बँकेवर अवलंबून होतं. पुढच्या साधारण चोवीस तासांत आयसीआयसीआय बँकेमार्फत सेवा पुन्हा सुरू झाली. एरवी अशा जोडणीला जो वेळ लागतो तो पाहता, ज्यांनी ती रात्र जागून हे काम केलं त्यांचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

आजचा विषय आहे सॉफ्टवेअर एजंट. बाहेरून घेतलेल्या सेवांवर उभी असलेली प्रणाली चालवायची, बाजारावर लक्ष ठेवायचं, दर, दर्जा किंवा नियम बदलले की प्रणालीची जोडणी आपण होऊन बदलायची, हे त्याचं काम. मग साहजिक प्रश्न येतो: त्या रात्री तिथे असा एजंट असता तर? माझं उत्तर असं की त्याला बिघाड मिनिटाभरात कळला असता, आणि पुढे त्याला काहीही करता आलं नसतं. दुसऱ्या बँकेशी करार नव्हता, तांत्रिक जोडणी नव्हती, मंजुरी नव्हती. एजंट समोर असलेल्या पर्यायांतून निवड करतो. पर्याय तयार करण्याचं काम त्याच्या आधी, माणसांना, शांत दिवसांत करावं लागतं. मला आज जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे.

एक कंपनी डोळ्यांसमोर ठेवू. लालबागमध्ये आहे असं धरा, औषधं घरपोच देते. तिचं ॲप तिने स्वतः लिहिलंय. पण नकाशा दुसऱ्याचा, ओटीपीचे एसएमएस तिसऱ्याचे, पैसे घेणारा गेटवे चौथ्याचा, औषध पोचवणारी मुलं पाचव्या कंपनीची, आणि हे सगळं ज्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, चालतं तो सहाव्याचा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक बाजार आहे, आणि प्रत्येक बाजार आपापल्या गतीने हलतो.

कसा हलतो? नकाशांचं बघा. पूर्वी गुगलचे नकाशे दिवसाला २५ हजार वेळा फुकट दाखवता येत. जुलै २०१८ पासून ती पद्धत गेली आणि महिन्याला २०० डॉलरची सूट आली. साध्या हलत्या नकाशाच्या हिशेबात ती महिन्याला सुमारे २८ हजार वेळा पुरे. म्हणजे जे एका दिवसात मिळत होतं, जवळजवळ तेवढ्यात महिना काढायचा. कित्येकांनी तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची, वाट धरली.

दुसरी हालचाल नियमांची. ८ मार्च २०२१ ला दूरसंचार कंपन्यांनी व्यावसायिक एसएमएस गाळायला सुरुवात केली. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवलेला नसेल तर संदेश पुढे जायचा नाही. नियम ट्राय या दूरसंचार नियामकाचा, २०१८ चा, पण अनेकांची नोंदणी राहून गेली होती. त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपी अडले, आणि ट्रायने ही गाळणी आठवडाभर थांबवायला सांगितली. आता विचार करा, अशा वेळी आपल्या एजंटाने एसएमएसचा पुरवठादार बदलला असता तर काय झालं असतं? काही नाही. नियम सगळ्यांनाच लागू होता. तिथे उपयोग झाला असता तो वेगळ्या मार्गाचा: फोन करून ओटीपी सांगणं, किंवा ॲपमध्येच सूचना देणं. पुरवठादार बदलणं आणि मार्ग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रणाली लिहिताना दुसऱ्याची सोय केली नसेल तर एजंट पहिलीच पुन्हा पुन्हा करत बसेल.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून एक चूक नीट दिसते. १९८० साली रीड स्मिथ या संगणकशास्त्रज्ञांनी काँट्रॅक्ट नेट नावाची पद्धत मांडली. एका संगणकाने काम जाहीर करायचं, इतरांनी बोली लावायची, योग्य बोलीला काम द्यायचं. निविदा काढण्याचीच ही रीत, आणि एजंटांच्या क्षेत्रात ती आजही पायाभूत मानली जाते. पुढे २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा या कंपन्यांनी यूडीडीआय ही सेवांची सार्वजनिक नोंदवही आणली. जगातल्या सेवा तिथे नोंदवल्या जातील, प्रोग्राम स्वतः तिथे जाऊन हवी ती शोधतील आणि जोडून घेतील, अशी कल्पना. जानेवारी २००६ मध्ये ती सार्वजनिक नोंदवही बंद झाली. माझ्या मते कारण तांत्रिक नव्हतं. नोंदवहीत नाव सापडलं म्हणून कुणी अनोळखी माणसाच्या हातात आपल्या ग्राहकांचे पैसे देत नाही. सेवा शोधणं अवघड आहे असं संशोधकांनी धरलं होतं. अवघड होतं ते भरवसा ठेवणं: करार, हमी, तक्रार कुठे करायची, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. आपल्याकडे ओएनडीसी, म्हणजे सरकारी पाठबळाचं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं जाळं, आज खुल्या जाळ्याचाच प्रयोग करते आहे, आणि तिथेही शोध आणि ऑर्डर यांच्या नियमांपेक्षा तक्रार व परतावा यांचे नियम जास्त महत्त्वाचे ठरतील असं मला वाटतं.

२००३ मध्ये केफार्ट आणि चेस या आयबीएमच्या संशोधकांनी स्वतःला सांभाळणाऱ्या प्रणालीचा जो आराखडा मांडला, तो अजून सगळीकडे वापरला जातो: निरीक्षण, विश्लेषण, योजना, अंमल, आणि चौघांना लागणारं ज्ञान एका जागी. हे फळ्यावर काढायला सोपं आहे. प्रत्यक्षात निरीक्षणापाशीच गाडी अडते.

आपल्या लालबागच्या कंपनीकडे दोन गेटवे आहेत असं धरा. एजंट दर पाच मिनिटांनी बघतो, कुणाकडे किती पेमेंट यशस्वी झाली. पाच मिनिटांत २० पेमेंट आली. गेटवे चांगला असेल तर त्यांतली १८ यशस्वी व्हावीत. पण नुसत्या योगायोगानेसुद्धा कधी १६ होतील. तेवढ्यावर एजंटाने गेटवे बदलला तर तो दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहील. म्हणून बदलाचा उंबरठा आणि परत येण्याचा उंबरठा वेगवेगळे ठेवावे लागतात, आणि एकदा बदल केल्यावर काही काळ स्वस्थ बसायची सक्ती करावी लागते.

उलट बाजूही आहे. ज्या गेटवेकडे आपण एकही पेमेंट पाठवत नाही, तो सुधारला की नाही हे कळणार कसं? त्यासाठी थोडी पेमेंट, शंभरातली चार-पाच म्हणा, मुद्दाम त्याच्याकडे पाठवत राहावं लागतं. किती पाठवायची याचं गणित जुनं आहे. १९३३ साली थॉम्पसन या संशोधकांनी दोन औषधोपचारांपैकी कुठला चांगला, हे रुग्णांना कमीत कमी तोटा होईल अशा रीतीने कसं शोधावं, या प्रश्नावर ते मांडलं. आज पेमेंटची वाट ठरवायलाही तेच गणित वापरता येतं. पण ही चार-पाच पेमेंट म्हणजे चार-पाच माणसं आहेत, त्यांतल्या एखाद्याला औषध तातडीने हवं असेल. असे प्रयोग साध्या, न घाईच्या ऑर्डरींवरच करावेत असा माझा आग्रह आहे, आणि हा नियम एजंटाला स्पष्ट लिहून द्यावा लागतो. आपण होऊन त्याला ते सुचणार नाही.

मग प्रत्यक्ष बदल. दोन गेटवे बाहेरून सारखे दिसतात. रक्कम द्या, ग्राहकाचा तपशील द्या, उत्तर घ्या. पण एकजण रक्कम रुपयांत घेतो, दुसरा पैशांत. ५०० हा आकडा एकाला पाचशे रुपये, दुसऱ्याला पाच रुपये. कुठेही चूक दाखवली जाणार नाही, पेमेंट यशस्वी होईल, आणि संध्याकाळी हिशेब लागणार नाही. अर्थातला असा फरक यंत्राला आपण होऊन कळेल यावर विसंबू नका. प्रत्येक पुरवठादारासाठी मधला जोड, म्हणजे आपली आणि त्याची भाषा जुळवणारा छोटा प्रोग्राम, माणसाने लिहावा, खऱ्या छोट्या रकमेने तपासावा, आणि मगच त्या पुरवठादाराचं नाव एजंटाच्या यादीत घालावं.

आणखी एक जागा आहे जिथे घाई महागात पडते. पेमेंट अर्धवट आहे, पहिल्या गेटवेकडून उत्तर आलेलं नाही. एजंटाने तेच पेमेंट दुसऱ्याकडे पाठवलं आणि नंतर पहिल्याचंही झालं, तर ग्राहकाचे पैसे दोनदा गेले. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या क्रेमर आणि मॅगी यांनी १९९० मध्ये याचा पाया घातला: चालत्या प्रणालीचा भाग बदलायचा तर तो आधी निवांत अवस्थेत यायला हवा, म्हणजे त्याच्या हातात अपुरं काम उरलेलं नसावं. आपल्या भाषेत, नवी पेमेंट नव्याकडे, जुनी जुन्याकडेच पुरी होऊ द्यायची. पस्तीसहून जास्त वर्षं झाली या विचाराला, तरी नव्या प्रणालींत तो वगळलेला दिसतो याचं मला वाईट वाटतं.

आता एकाहून जास्त एजंट बाजारात आले की काय होतं? एप्रिल २०११ मध्ये ॲमेझॉनवर फळमाशीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांचे प्रोग्राम एकमेकांकडे बघून किंमत ठरवत होते. एक समोरच्यापेक्षा किंचित कमी, ०.९९८३ पट लावायचा. दुसरा समोरच्याच्या १.२७ पट. दोघांचा गुणाकार केला तर दर फेरीला किंमत सुमारे २७ टक्क्यांनी चढते. एकेकटा बघितला तर दोन्ही नियमांत वावगं काही नाही. एकत्र आल्यावर त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं, कारण कमाल किंमत कुणीच लिहिली नव्हती.

हे मुंबईला नवं नाही. दलाल स्ट्रीटवर याचं उत्तर लिखित नियमांत आहे. सेबीने जुलै २००१ पासून निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला की बाजारच थांबवायची व्यवस्था केली. २३ मार्च २०२० च्या सकाळी सेन्सेक्स १० टक्के पडला आणि व्यवहार ४५ मिनिटं थांबले. सेवांच्या बाजारात असा कुणी सेबी नाही. एक मोठा गेटवे मंदावला आणि शंभर कंपन्यांच्या एजंटांनी एकाच मिनिटाला दुसऱ्याकडे धाव घेतली, तर दुसराही कोसळेल. म्हणून थांबवायची व्यवस्था प्रत्येकाने आपल्या एजंटातच बसवायला हवी: एका वेळी सगळी वाहतूक, म्हणजे सगळी पेमेंट, हलवायची नाही, दहा-दहा टक्क्यांनी हलवायची, आणि प्रत्येक टप्प्यात थोडा यादृच्छिक उशीर ठेवायचा.

अधिकाराचा मुद्दा थोडक्यात. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. एजंटाला ही माहिती परदेशात साठवणारी स्वस्त सेवा सापडली तरी ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच आहे. अशा अटींना तोलायच्या निकषांत टाकू नका, किंमत पुरेशी कमी झाली की यंत्र त्या ओलांडेल. त्यांची जागा कुंपणाची. माझा हिशेब साधा आहे: आधी मंजूर केलेल्या पुरवठादारांमध्ये वाहतूक फिरवणं एजंटाने एकट्याने करावं, रोजच्या खर्चाची मर्यादा ओलांडायची तर माणसाला विचारावं, आणि नवा करार करायचा तर त्याने फक्त कागद तयार करून समोर ठेवावा. चॅटजीपीटीसारख्या भाषिक मॉडेलांवर चालणारे नवे एजंट दस्तऐवज वाचून जोड लिहितात, पुरवठादारांशी साध्या भाषेत बोलतात, २०२४-२५ मध्ये त्यांच्यासाठी एमसीपी (बाहेरच्या साधनांशी जोडण्यासाठी) आणि ए२ए (एजंटांनी एकमेकांशी बोलण्यासाठी) असे सामाईक संकेतही आले. काम वेगाने होईल, यात शंका नाही. पण एकट्याने काय करायचं आणि कुठे माणसाला विचारायचं, ही रेघ त्यांनाही लागू आहे, उलट जास्त ठळक हवी.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: छोट्या कंपनीने प्रत्येक सेवेचे दोन-दोन पुरवठादार कसे परवडवायचे? प्रश्न योग्य आहे, आणि प्रत्येक सेवेला दुसरा लागतच नाही. ही सेवा थांबली तर रुग्णापर्यंत औषध पोचणं थांबतं का, हे विचारा. नकाशा गेला तर लालबागची मुलं गल्ल्या ओळखतात, दिवस निघेल. गेटवे गेला तर दारात रोख घेता येईल. ओटीपी गेला तर ग्राहक आतच शिरू शकत नाही. म्हणजे पहिला पैसा तिथे घाला: दुसरा मार्ग, फोन कॉलचा, आजच नोंदवून चालू ठेवा आणि दर आठवड्याला थोडे ओटीपी त्यावरून पाठवा. दुसरा पुरवठादार घेताना त्याला विचारा, तुमची सेवा कुठल्या क्लाउडवर आणि कुठल्या डेटा केंद्रात चालते. दोघंही मुंबईतल्या एकाच केंद्रात असतील तर ते केंद्र बंद पडल्यावर दोघंही एकदम जातील, आणि तुम्ही पैसे मात्र दोघांचे भरत असाल. आणि करारात दोन गोष्टी लिहून घ्या: दर किंवा अटी बदलायच्या किती दिवस आधी ते कळवतील, आणि सोडून जाताना तुमचा डेटा कुठल्या स्वरूपात परत देतील. ही उत्तरं हातात आली की ती एजंटाच्या ज्ञानात भरा. त्याच्या कामाला सुरुवात तिथून होते.