ठिपक्या-ठिपक्यांनी त्वचा

(दृश्य : हातमोजे घातलेली बोटं, चिमट्यात धरलेली काचपट्टी)

लेझरने पेशींचे थेंब उमटवून त्वचा छापायची, त्याची ही तयारी. पट्टीच्या खालच्या बाजूची ही सोनेरी झाक बघा. ते खरंच सोनं आहे. थर सुमारे 60 नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा.

आता या सोन्यावर जेल पसरलं जातंय. पाण्यासारखं दिसतं, पण त्यात त्वचेच्या जिवंत पेशी आहेत. हात जरा सावकाश चाललाय, कारण थर सगळीकडे सारखा बसायला हवा. कुठे जाड, कुठे पातळ झाला तर पुढे थेंब लहानमोठे पडतात.

(दृश्य : पट्टी उलटी करून यंत्रात बसवली जाते)

पट्टी उलटी बसली. जेल खाली लोंबकळतंय, तरी पडत नाही, इतका तो थर पातळ आहे. त्याच्या खाली, जेमतेम फटीएवढी जागा सोडून, दुसरी काच.

लेझर वरून येतो. तो अवरक्त आहे, डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पडद्यावर किरण शोधू नका, खालच्या काचेकडे बघा.

(दृश्य : काचेवर एकेक थेंब उमटतो. आवाज फक्त यंत्राचा)

(दृश्य : हाय-स्पीड कॅमेऱ्यातून तोच क्षण, अतिसंथ)

आता तेच संथ गतीत. लेझरचा ठोका काही नॅनोसेकंदांचा. तो काचेतून आरपार जातो आणि सोन्यात शोषला जातो. सोन्यालगतचं जेल क्षणात वाफ होतं, बुडबुडा फुगतो. हा बघा. तो उरलेल्या जेलला खाली ढकलतो, बारीक धार सुटते आणि पेशी तिच्यासोबत खाली जाऊन बसते. उष्णतेचा मार सोन्याने आणि त्याला चिकटलेल्या जेलने झेललेला असतो.

इथे नळी नाही, सुईही नाही. इंकजेटसारख्या छपाईत पेशींना बारीक छिद्रातून जावं लागतं. जेल दाट असलं किंवा पेशींची गर्दी झाली की छिद्र तुंबतं, आणि पेशी चेंगरतात त्या वेगळ्याच. इथे पेशीला कुठूनही पिळून निघावं लागत नाही. माझ्या मते या तंत्राचं खरं मोल इथेच आहे.

1986 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत बोहँडी आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने तांब्याच्या रेषा उमटवल्या होत्या. पुढे वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत तांब्याच्या जागी पेशी आल्या. जर्मनीत, लेझर झेंट्रुम हॅनोव्हर या लेझर संशोधन संस्थेत, लोथर कॉख आणि बोरिस चिचकोव्ह यांच्या गटाने त्वचेच्या पेशी घेतल्या. 2010 मध्ये त्यांनी मोजून दाखवलं : छपाईनंतर त्वचेच्या सुमारे 98 टक्के पेशी जिवंत.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली लाल आणि हिरवे पट्टे)

ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपका हलला की नक्षी बिघडते. इथेही तसंच. पेशी ओळखू याव्यात म्हणून त्यांना लाल आणि हिरवं चमकायला लावलंय. एक थर लाल, एक हिरवा. सीमारेषा बघा, कुठेही एकमेकांत मिसळलेल्या नाहीत.

2012 मध्ये याच गटाने आतल्या त्वचेच्या पेशींचे 20 थर रचले आणि त्यांवर बाहेरच्या त्वचेच्या पेशींचे 20. पेशींनी शेजारणींना धरून ठेवलं. आतल्या आणि बाहेरच्या त्वचेच्या मध्ये, खऱ्या त्वचेत असतो तसा, दोन्हींना जोडणारा पातळ पडदाही तयार होऊ लागला. 2013 मध्ये हे ऊतक उंदरांच्या जखमेवर बसवलं. 11 दिवसांत जखमेतल्या रक्तवाहिन्या त्याच्या दिशेने वाढलेल्या दिसल्या. केस आणि घामाच्या ग्रंथी त्यात नव्हत्या.

शरीराचा मोठा भाग भाजला की रुग्णाच्या अंगावरून घ्यायला त्याचीच कातडी पुरत नाही. हे सगळं त्यासाठी.

(दृश्य : पुन्हा खालची काच. थेंब. शेजारी दुसरा थेंब. निवेदन नाही)