खुराकातून आलेलं विष : मिशिगन, १९७३

(दृश्य : मिशिगनच्या दक्षिण भागातली सपाट शेतं. जुन्या फितीतले गोठे, दुधाचे टँकर.)

सप्टेंबर १९७३. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक शहराजवळ, रिक हॅल्बर्ट आपल्या कुटुंबाचा दुधाचा धंदा सांभाळत होते. गोठ्यात शेकडो गाई. त्या महिन्यात गाईंनी खुराकाला तोंड लावणं सोडलं. गव्हाणीत गोळी पेंड तशीच पडून राहू लागली. गाईंच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, अंग सुकत चाललं होतं. दूध दिवसागणिक आटत गेलं आणि काही आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आलं.

गाय खाणं सोडते तेव्हा जाणता मालक आधी तिच्यापुढचा घास तपासतो. हॅल्बर्ट यांनीही तेच केलं. ती पेंड बंद केली की गाई थोड्या सावरायच्या. संशयाची खात्री करायला त्यांनी काही वासरांना फक्त तीच पेंड घातली, तर वासरं मरू लागली. हॅल्बर्ट यांचं शिक्षण रसायन अभियांत्रिकीचं होतं. डाऊ केमिकलमध्ये त्यांनी काही काळ नोकरीही केली होती. त्यामुळे प्रयोगशाळेला नेमकं काय विचारायचं हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या खिशातून पैसे घालून ते एकामागून एक प्रयोगशाळांकडे नमुने पाठवत राहिले. नेहमीची कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले, बुरशीचं विष तपासलं. काहीच हाती लागेना.

(दृश्य : एका गाईचे पाय, जवळून.)

इतर गोठ्यांतही हेच चाललं होतं. गाई गाभडत होत्या, वासरं मेलेली जन्मत होती. गाईंचे खूर वाढत वाढत टोकाला वर वळले, आणि जनावराला चार पायांवर धड उभं राहता येईना. मानेवरचे केस गळाले, कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या. या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांकडे ना रसायनशास्त्राची पदवी होती, ना तपासण्यांपुरता पैसा. त्यांना सांगण्यात आलं की दोष तुमच्या व्यवस्थापनात आहे, तुम्हाला जनावरं नीट सांभाळता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त चीड येते ती याच गोष्टीची. रसायन चुकून मिसळलं असेल, पण माणसांचं म्हणणं न ऐकणं हे चुकून झालेलं नव्हतं.

पहिला धागा हाती आला तो आयोवा राज्यातल्या एम्स इथल्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेत. तिथलं वायू वर्णलेखन यंत्र, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून आलेखावर दाखवणारं यंत्र, नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिलं आणि एरवी कुणी पाहिलंच नसतं इतक्या उशिरा आलेखावर मोठे उंचवटे उमटले. काहीतरी जड रेणूचं रसायन पेंडीत होतं. एप्रिल १९७४ मध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी खात्याच्या केंद्रात जॉर्ज फ्राइज या शास्त्रज्ञाने ते ओळखलं, कारण याच रसायनावर त्यांनी पूर्वी काम केलं होतं. ते होतं पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीबीबी. प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळायचं अग्निरोधक.

टीव्हीच्या आणि टाइपरायटरच्या खोक्यात घालायचं रसायन गाईच्या पेंडीत कसं आलं?

(दृश्य : सेंट लुइस गाव, पाइन नदीचा काठ.)

मिशिगनच्या मध्यभागी सेंट लुइस नावाचं छोटं गाव आहे. मिसुरी राज्यातलं मोठं शहर वेगळं. इथे पाइन नदीच्या काठावर मिशिगन केमिकल कॉर्पोरेशनचा कारखाना होता. या एकाच कारखान्यात दोन पदार्थ तयार व्हायचे. एक ‘फायरमास्टर’, म्हणजे पीबीबी. दुसरा ‘न्यूट्रीमास्टर’, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. हा दुभत्या गाईंच्या खुराकात पूरक म्हणून घालतात. नावं सारखी, दोन्ही पांढुरक्या भुकट्या. एरवी पिशव्यांच्या छपाईवरून फरक कळायचा. १९७३ मध्ये छापील पिशव्यांचा तुटवडा पडला, तेव्हा साध्या तपकिरी कागदी पिशव्यांवर नावं उमटवून माल भरला गेला. त्यातल्या फायरमास्टरच्या काही पिशव्या न्यूट्रीमास्टर म्हणून बॅटल क्रीकजवळच्या पशुखाद्याच्या गिरणीत गेल्या. ही गिरणी फार्म ब्यूरो सर्व्हिसेसची, म्हणजे शेतकऱ्यांच्याच संघटनेच्या कंपनीची होती. गेलेला माल काहीशे किलोंच्या आसपास होता. तो पेंडीत मिसळला आणि पेंड राज्यभर पोचली. गिरणीची यंत्रं त्या भुकटीने माखली होती, त्यामुळे पुढे तयार झालेल्या चांगल्या मालातही ती उतरत राहिली.

पिशव्या पोचल्या तेव्हापासून रसायन ओळखेपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. या काळात गोठ्यागोठ्यांतलं दूध टँकरमध्ये एकत्र होत होतं, डेअरीत जात होतं. त्याचं लोणी आणि चीज बनत होतं. आजारी गाई कसायाकडे जात होत्या. मिशिगनची लोकसंख्या तेव्हा सुमारे ९० लाख होती आणि त्यांपैकी बहुतेकांच्या ताटात हे रसायन गेलं.

(दृश्य : कॅल्कास्का काउंटी. मोकळ्या जागेत खणलेले लांब चर. कृष्णधवल छायाचित्रं.)

मग जनावरं मारायला सुरुवात झाली. ५०० हून अधिक गोठ्यांवर बंदी आली. सुमारे ३०,००० गाईगुरं, काही हजार डुकरं आणि मेंढ्या, १५ लाख कोंबड्या आणि सुमारे ५० लाख अंडी नष्ट केली गेली. उत्तरेकडच्या कॅल्कास्का भागात चर खणून तिथे गुरं मारून पुरली. नाव घेऊन हाक मारली की मान वळवणारी गाय ट्रकमध्ये चढवून देताना काय वाटतं, हे दूध घालून घर चालवणाऱ्याला विचारावं.

पण बंदी कुणावर येणार हे ठरत होतं एका आकड्यावरून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आधी चरबीत दहा लाखांत १ भाग ही मर्यादा ठेवली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये ती ०.३ वर आणली. ०.३ च्या वर गेलात तर जनावरं नष्ट आणि भरपाईचा मार्ग मोकळा. त्याच्या खाली राहिलात तर गोठा कागदावर निर्दोष, मग गाई डोळ्यांदेखत मरत असल्या तरी. अशा शेतकऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या : दूध विकायचं, नाहीतर उपाशी राहायचं. काहींनी तिसरी वाट धरली. आपलं दूध दुसऱ्याच्या मुलाने प्यावं हे मनाला पटेना, म्हणून त्यांनी स्वतःच बंदूक उचलून स्वतःचा कळप मारला आणि पुरला. एक पैसाही मिळणार नाही हे माहीत असून. १९७७ मध्ये राज्याने कायदा करून मर्यादा ०.०२ वर आणली. तोवर चार वर्षं गेली होती.

आता हे रसायन काय करतं ते पाहू.

प्लास्टिक तापलं की पीबीबीतून ब्रोमीन सुटतो आणि ज्वाळा पुढे नेणाऱ्या क्रियाशील कणांना अडवतो. साखळी तुटते, ज्वाळा मंदावते. यासाठी रेणू असा लागतो की जो वर्षानुवर्षं पाण्याने, जंतूंनी फुटणार नाही. तोच टिकाऊपणा शरीरात गेला की गळफास होतो. पीबीबी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. यकृताला ते फोडून बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. शरीर चरबी बाहेर टाकतं असा एक मोठा मार्ग मात्र आहे, आणि तो म्हणजे दूध. गाईचं, आणि आईचंही.

१९७६ मध्ये मिशिगनमधल्या स्तनदा मातांच्या दुधाची पाहणी झाली. त्यात पुढाकार होता डॉ. लॅरी ब्रिलियंट यांचा. हे तेच डॉक्टर, जे त्याच्या थोडं आधी भारतात देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गावोगाव फिरले होते. राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पात, जिथे दूषित पेंड जास्त पोचली होती, तपासलेल्या मातांपैकी ९६ टक्के मातांच्या दुधात पीबीबी सापडलं. दूरच्या उत्तर द्वीपकल्पातही ४३ टक्के. यातल्या अनेक जणींनी कधी गोठ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी दुकानातून दूध आणलं होतं, इतकंच.

त्याच वर्षी राज्याच्या आरोग्य खात्याने पीबीबीच्या संपर्कात आलेल्या काही हजार लोकांची नोंदवही सुरू केली. तिच्यातून पुढे जे कळलं ते एका वर्षात कळणारं नव्हतं. आईच्या रक्तात पीबीबीचं प्रमाण जास्त आणि वर आईचं दूध प्यालेल्या मुली, त्यांना पाळी साधारण वर्षभर लवकर आली. या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. मुलग्यांमध्ये जननेंद्रिय आणि मूत्रमार्गाच्या तक्रारी जास्त आढळल्या. थायरॉइडशीही संबंध दिसला. पीबीबी शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं हे यावरून स्पष्ट झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीबीबीला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारं’ या गटात ठेवलं आहे.

(दृश्य : सोफ्याचा फाटलेला फोम. जमिनीवर रांगणारं मूल.)

इथे गोष्ट थांबायला हवी होती. अमेरिकेत पीबीबीचं उत्पादन १९७० च्या दशकातच बंद झालं. पण बाजाराने त्याचाच चुलतभाऊ उचलला : पीबीडीई, म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर. हेही अग्निरोधकच. ब्रोमीन तसाच, चरबीत साचण्याचा गुणही तसाच. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने फर्निचरच्या फोमला लहान ज्योत १२ सेकंद सोसता आली पाहिजे असा नियम केला आणि देशभरातले सोफे या रसायनाने भरले गेले. ते फोमच्या रेणूंशी जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. म्हणून हळूहळू सुटून घरातल्या धुळीत उतरतं. जमिनीवर रांगणारं आणि हात तोंडात घालणारं मूल ती धूळ सर्वांत जास्त खातं. स्वीडनमध्ये साठवलेल्या आईच्या दुधाच्या नमुन्यांत १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं दिसलं. जिथे एकही कारखाना नाही अशा उत्तर ध्रुवाकडच्या अस्वलांच्या आणि सीलच्या चरबीतही ते पोचलं. गर्भात असताना जास्त पीबीडीई मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यांक काहीसा कमी राहतो, असं अमेरिकेतल्या एकाहून अधिक अभ्यासांत दिसलं.

युरोपने २००४ मध्ये पीबीडीईच्या दोन मिश्रणांवर बंदी घातली. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न फुटता टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत ही मिश्रणं आली आणि त्यांच्याबरोबर मिशिगनमधल्या पिशव्यांतलं मुख्य रसायन हेक्झाब्रोमोबायफिनाइलही आलं. पेंडीत मिसळलं गेल्यानंतर ३६ वर्षांनी. भारताने २०१८ च्या नियमांनी त्यावर बंदी घातली. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीबी आणि पीबीडीई ०.१ टक्क्याहून जास्त नसावं, असा आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत दंडक आहे. तो नव्या वस्तूंसाठी. जुने टीव्ही आणि संगणक भंगारात जातात, तांब्यासाठी उघड्यावर जाळले जातात. ब्रोमीन असलेलं प्लास्टिक असं धुमसलं की त्यातून डायॉक्सिनच्या जातीची विषं तयार होतात. ती आधी जातात जाळणाऱ्याच्या छातीत.

(दृश्य : सेंट लुइस. कुंपणामागचं गवत.)

मिशिगन केमिकलचा कारखाना १९७८ मध्ये बंद पडला. तो पाडून तिथेच पुरला आणि वर मातीचा थर टाकला. कुंपणाशी थडग्याच्या दगडासारखा एक दगड उभा केला, आत येऊ नका असं सांगणारा. याच कारखान्यात डीडीटीही बनायचं. पाइन नदीच्या गाळातून ते उपसायला वर्षं लागली आणि शेजारच्या घरांच्या अंगणात गांडुळं खाणारे रॉबिन पक्षी त्याने मरून पडत राहिले. गावातल्या लोकांनी समिती स्थापन केली आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत जाऊन प्रश्न विचारायचं काम दशकानुदशकं चालवलं.

नोंदवही आता अटलांटातल्या एमोरी विद्यापीठाकडे आहे. मिशेल मार्कस यांच्या गटाने मिशिगनच्या गावांत जाऊन पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा घटनेनंतर चाळीस वर्षं उलटली होती आणि तरीही तपासलेल्या बहुसंख्य लोकांत पीबीबीचं प्रमाण बाकीच्या अमेरिकेपेक्षा जास्त निघालं. रक्त द्यायला येतात त्यांत तेव्हाचे शेतकरी आहेत, त्यांची मुलं आहेत, आणि १९७३ नंतर बऱ्याच काळाने जन्मलेली नातवंडंही. नातवंडांनी ती पेंड पाहिलेली नाही, ते दूधही प्यालेलं नाही. आजीच्या शरीरातून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे किती आलं, आणि आपल्या मुलांकडे किती जाईल, एवढं त्यांना जाणून घ्यायचं आहे. त्याचा अभ्यास अजून चालू आहे.