आधी गाडी पळू दे

नमस्कार मंडळी, इथे बरेच मेंटॉर बसलेत, शाळेतले सर-मॅडम पण आहेत, म्हणून थेट मुद्द्यावरच येते. फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे शाळकरी पोरांची रोबो बनवायची स्पर्धा, तिच्यातल्या एका टीमने मला बोलावलं तेव्हा स्पर्धेला पाच आठवडे उरलेले आणि रोबो जागचा हलत नव्हता. सात पोरं, कुर्ल्यातल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवरच्या खोलीत रोज क्लासनंतर जमायची, मेहनतीला तोड नाही, पण "हे आता राहू दे" असं सांगणारं कुणी नव्हतं त्यांना.

त्यांनी 40 सेंटिमीटरचा हात बनवून तो एका सर्व्होवर, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरवर, बसवलेला. सर्व्होवर लिहिलंय 20 किलो, पोरांना वाटलं 20 किलो उचलेल. अरे बाळांनो, ते 20 किलो-सेंटिमीटर असतं! म्हणजे शाफ्टपासून, मोटरच्या फिरणाऱ्या दांड्यापासून, 1 सेंटिमीटरवर 20 किलो, 40 सेंटिमीटरवर फक्त अर्धा किलो, आणि तोसुद्धा मोटर अडकून थांबायच्या बेताला आली की, त्यात हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. दोन सर्व्हो जळले होते. मी ही आकडेमोड वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याकडूनच करून घेतली, तेव्हा एक मुलगा एकदम गप्प झाला, कारण हात त्याने बनवलेला. त्याच्याशी बोलण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती जायलाच हवी, पोराचं काम घाईघाईत उपटून बाजूला टाकू नका प्लीज.

मग हात काढला आणि नुसती गाडी, म्हणजे रोबोचा खालचा चाकांचा भाग, धरली. एक चाक फिरेना. मोटर फिरतेय, चाक नाही, आणि सगळे तीन दिवस कोडमध्ये चूक शोधतायत! मी चाक हातात धरून हलवलं तर शाफ्टवर खुळखुळतंय. हबचा, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या तुकड्याचा, ग्रब स्क्रू, तो बिनडोक्याचा छोटा स्क्रू, ढिला होता, आणि शाफ्टच्या सपाट बाजूवर टेकायचा सोडून गोल भागावर टेकलेला. तो सपाट बाजूवर आणला, स्क्रू ढिला होऊ न देणारं निळं लॉकटाइट लावलं, एलन कीने, त्या षटकोनी चावीने, आवळला, झालं. एलन कीचा चांगला सेट मुंबईतल्या अवजारांच्या बाजारातून, नागदेवी स्ट्रीटवरून, एकदाच आणून ठेवा, बोथट कीने स्क्रूचं तोंड खराब होतं आणि मग तो निघता निघत नाही.

मॅच असते अडीच मिनिटांची. पहिली 30 सेकंद रोबो आपला आपण चालतो, त्यानंतर दोन मिनिटं ड्रायव्हर चालवतात, 12 बाय 12 फुटांच्या मैदानावर चार रोबो एकदम. गेम दरवर्षी बदलतो, पण बऱ्याच सीझनला पहिल्या 30 सेकंदांत ठरलेल्या जागी नुसतं सरकलं तरी पॉइंट मिळतात, त्याला चार ओळींचं कोड पुरतं, आणि अडलेल्या टीमने मी म्हणते आधी तेच करावं.

बाकी सगळा वेळ ड्रायव्हिंगला दिला. गच्चीवर पाण्याच्या बाटल्या मांडायच्या, घड्याळ लावायचं, रोज वीस फेऱ्या, आणि थोडी उतरलेली बॅटरी लावूनही चालवून बघायचं कारण व्होल्टेज पडलं की गाडी वेगळीच वागते, वळण लांब जातं. सगळ्यात कमी बाटल्या कुणी पाडल्या माहितीये, त्या हातवाल्या मुलाने. स्पर्धेत कंट्रोलर त्याच्याकडेच होता, प्रत्येक मॅचआधी चारही चाकं हाताने हलवून बघायचा आणि मगच रोबो मैदानावर ठेवायचा.