कोरोंडचे कुंभार आणि 1918 चं वचन

श्रोतेहो, नमस्कार. रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व भागात, हार्गिता जिल्ह्यात कोरोंड नावाची ग्रामपंचायत आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती हंगेरियन बोलणाऱ्या सेकेय लोकांची. गाव कुंभारांचं. रस्त्याकडेला मातीची भांडी मांडलेली असतात आणि त्यांच्या जोडीला टोप्या. या टोप्या चक्क अळंबीच्या! झाडाच्या बुंध्यावर वाढणारी अळंबी आणतात, तिचा मऊ गर पातळ कापतात, बोटांनी हलके हलके ताणून पसरवतात आणि त्याची टोपी करतात. हे कसब घरात बघून बघूनच येतं.

राज्यकर्ते मात्र इथे सारखे बदलले. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख हंगेरीचा. 1 डिसेंबर 1918 रोजी ट्रान्सिल्व्हेनियातल्या आल्बा युलिया शहरात रोमानियन लोकांची मोठी सभा भरली, ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियात सामील करायचं ठरलं. संपूर्ण प्रांतात रोमानियन बहुसंख्य होते, त्यामुळे त्यांची मागणी रास्तच होती. त्याच ठरावात शेजारच्या इतर समाजांनाही त्यांच्या भाषेत शाळा, कारभार आणि न्याय देण्याचं वचन होतं. श्रोतेहो, हे वचन ध्यानात असू द्या.

महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या 1920 च्या त्रियानों तहाने हद्द पक्की झाली. कोरोंडकरांचं मत कुणी घेतलं नाही. 1924 च्या शिक्षण कायद्यानंतर सेकेय भागात बाहेरून येणाऱ्या रोमानियन मास्तरांना जादा पगार मिळू लागला. वचनाचं काय झालं, ते इथेच कळतं.

ऑगस्ट 1940 मध्ये जर्मनी आणि इटलीने व्हिएन्नात बसून उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला दिला. याही वेळी कौल घेतला नाही. सेकेय मुलखात जल्लोष झाला. पण त्याच राजवटीत, 1944 साली, उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यूंना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत धाडलं गेलं. आपल्या भाषेचं सरकार आलं म्हणजे सगळ्यांचं भलं होतं असं मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे काही महिने सोव्हिएत लष्कराचा अंमल, मग 1945 पासून पुन्हा रोमानिया. 1952 मध्ये हंगेरियन स्वायत्त प्रदेश झाला, खरी सूत्रं राजधानी बुखारेस्टच्या कम्युनिस्ट पक्षाकडेच राहिली. 1968 मध्ये तोही मोडून जिल्हे पाडले गेले.

शेवटी 2001 साली रोमानियाच्या संसदेने कायदा केला: ज्या गावात अल्पसंख्याक वीस टक्क्यांहून जास्त, तिथे त्यांना आपल्या भाषेत अर्ज करता येईल आणि उत्तरही त्या भाषेत मिळेल. आल्बा युलियाच्या सभेनंतर 83 वर्षांनी!