चित्र घरातून दालनाकडे निघताना

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात चित्र काढणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांची बरीचशी चित्रं पलंगाखाली, कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेली आहेत. ती भिंतीवर यावीत, लोकांनी समोर उभं राहून ती पाहावीत, असं मला मनापासून वाटतं. शहरात दालनं आहेत, प्रदर्शनांसाठी प्रवेशिका मागवल्या जातात, शिष्यवृत्त्याही आहेत. तरी चित्र घरातच राहतं. पुष्कळदा चित्रात काही कमी नसतं. फोटो तिरका आलेला असतो, माप उलटं लिहिलेलं असतं, नाहीतर मुदत संपलेली असते. आज त्याच बारीकसारीक गोष्टी सांगणार आहे. वही-पेन जवळ घ्या, काही आकडे येतील.

आधी जागा. जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिरात कलादालन आहे, घोले रस्त्यावर राजा रविवर्मा कलादालन आहे. ही दोन्ही महापालिकेची. शनिवार पेठेत सुदर्शन कलादालन, सेनापती बापट रस्त्याजवळ कलाछायेचं दर्पण, कोरेगाव पार्कात मोनालिसा कलाग्राम. तारीख मागण्याआधी तिथलं दुसऱ्याचं एखादं प्रदर्शन बघायला जा आणि खिशात मोजपट्टी ठेवा. चार गोष्टी टिपून घ्या : भिंतीची एकूण लांबी किती फूट, चित्रं तारेवर टांगतात की खिळ्यावर, दिवे सरकवता येतात का, आणि दालन ताब्यात किती वाजता मिळतं. सकाळी दहाला ताबा आणि संध्याकाळी पाचला उद्घाटन असेल, तर मांडणीला सात तास मिळतात. तीस चित्रांना तेवढे दोन माणसांना जेमतेम पुरतात. डागडुजीसाठी दालन बंद राहणार नाही ना, हेही विचारा.

तारीख निवडताना पुण्याचं पंचांग बघायला हवं. गणेशोत्सवात पेठांतले रस्ते बंद असतात, चित्रांचा टेम्पो दारापर्यंत पोहोचत नाही. पालख्यांचा मुक्काम असतो तेव्हाही तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, म्हणून त्या तारखा सगळ्यात आधी जातात. एकट्याला भाडं झेपत नसेल तर चौघांनी मिळून दालन घ्या. ऐंशी फूट भिंत असली तर प्रत्येकाला वीस फूट मिळते, आणि पहिल्या प्रदर्शनाला वीस फूट पुष्कळ झाली.

आता दालन न घेता चित्र पुढे नेण्याच्या वाटा. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे दोन वेगळे विभाग आहेत. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला देशभरातून चित्रं येतात. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे : वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. पंचवीस ते चाळीस वयाच्यांना कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे फेलोशिप, आहे, महिना 10,000 रुपये, तीही दोन वर्षांची. चाळिशीपुढच्यांना वरिष्ठ, महिना 20,000. चाळिशीनंतर आपल्यासाठी काही नसतं असं समजून पुष्कळ जण चौकशीच करत नाहीत. कृपा करून करा.

या सगळ्या ठिकाणी पहिली निवड बहुतेक वेळा फोटोवरून होते. म्हणून इथे जरा थांबतो.

चित्र काचेच्या चौकटीत असेल तर बाहेर काढा. काचेतून काढलेल्या फोटोत खिडकी आणि तुमचा हात दिसणारच. उत्तरेकडची खिडकी असेल तर तिच्याजवळ, नसेल तर सावलीच्या गच्चीवर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान चित्र भिंतीला सरळ उभं करा. थेट ऊन नको आणि खोलीतला दिवा बंद. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर प्रकाश एकत्र आला की पांढरा कागद अर्धा पिवळा, अर्धा निळा दिसतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. मोबाइलची लेन्स चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवी. फोन जरा जरी मागे कलला तरी चित्राची वरची बाजू अरुंद, खालची रुंद येते. जवळ जाऊन काढू नका. दोन-अडीच मीटर मागे उभं राहा आणि दुप्पट झूम करा, म्हणजे कडा फुगत नाहीत. तैलरंगाची चकाकी येत असेल तर फोनच्या मागे काळं कापड धरायला कुणाला तरी सांगा.

चित्राच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो घ्या. रंग जुळवताना तो कागद पांढरा दिसेल इतपतच दुरुस्ती करायची. रंग जास्त भडक करण्याचा मोह टाळा, कारण निवड झाल्यावर मूळ चित्र समोर येतं आणि तेव्हा परीक्षकांची निराशा होते. सूचनेत 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, असं लिहिलं असेल तर साधा गुणाकार करा : 12 बाय 18 इंचांच्या छपाईला 3,600 बाय 5,400 पिक्सेल लागतात. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवून मग वापरू नका. त्यात तो आकसतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अर्जात माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी. उभं चित्र आडवं लिहिलं तर मांडणी करणारा त्याला चुकीची जागा देतो. माप चौकटीसह की चौकटीशिवाय, ते सूचनेत बघा. माध्यम सरळ लिहा : कागदावर जलरंग, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. ‘मिश्र माध्यम’ लिहिलं तर त्यात काय काय मिसळलं तेही लिहा. मागच्या किती वर्षांतलं काम चालेल, हेही वाचा. जुनं आवडतं चित्र पाठवून प्रवेशिका फुकट घालवणारे दरवर्षी असतात.

एक सावधगिरी. ज्या स्पर्धेत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला पुरस्कार मिळतो आणि प्रमाणपत्राचे, स्मृतिचिन्हाचे पैसे वेगळे मागतात, तिथे परीक्षक कोण आहेत ते विचारा. नावं सांगत नसतील तर ते पैसे चौकटीवर खर्च करा.

चौकट. आपल्याकडच्या पावसाळ्यात जलरंगाच्या चित्राचा खरा शत्रू म्हणजे ओल. कागद काचेला चिकटून बसवला असेल तर काचेच्या आत दमटपणा साठतो, रंग काचेला लागतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, हवाच. त्याने काच आणि कागद यांच्यात फट राहते. माउंट आम्लरहित मागा, नाहीतर काही वर्षांत कापलेली कड पिवळी पडते आणि कागदही पिवळा करते. मागे हार्डबोर्ड थेट कागदाला लावू देऊ नका. जुलैत ओल्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावायचं असेल तर मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

बांधाबांध करताना आधी बटर पेपर, मग बबल रॅप, आणि बबलचे फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत आले तर एप्रिल-मेच्या उन्हात ॲक्रिलिक मऊ होतं आणि त्यावर गोल ठसे उमटतात. वर्तमानपत्र चित्राला लावूच नका, शाई उतरते. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर, आणि नळी निदान चार इंच व्यासाची.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर ठेवा. उंच माणसालाही चालतो, ठेंगण्यालाही. हिशोब असा : चौकट 24 इंच उंच, तिच्या मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून तीन इंच खाली येते. मग 58 अधिक 12 वजा 3, खिळा 67 इंचांवर. वीस फूट भिंतीवर दोन-दोन फुटांची पाच चित्रं लावायची तर दहा फूट मोकळे राहतात, म्हणजे 120 इंच. फटी सहा, प्रत्येकी वीस इंच. आधी सगळी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. क्रम तिथेच बदला, खिळे मारल्यावर नाही.

किंमत घरी एक आणि दालनात एक ठेवू नका. खाजगी दालनं विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा घेतात, तो धरूनच आकडा ठरवा.

आणखी एक वाट, खास आपल्या गावची. दिवाळी अंकांचं मोठं काम पुण्यात होतं. कथाचित्रं, मुखपृष्ठं हवी असतात. नमुने उन्हाळ्यातच दाखवा, पावसाळ्यात फार उशीर झालेला असतो. रेषाचित्रं 600 डीपीआयवर स्कॅन करा, आणि झगझगीत निळा छपाईत मंद होतो हे धरून रंगवा.

स्थळचित्रणाच्या स्पर्धेला मंडईला किंवा पाताळेश्वरला जाल तेव्हा कागदावर आयोजकांचा शिक्का घेतल्याशिवाय रेषही ओढू नका. चित्र बाद होतं. मे महिन्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, कागदावर पसरायच्या आधीच सुकतो, तेव्हा 300 जीएसएमचा जाड कागद मागूनही ओला करून घ्या आणि आकाश आधी आटपा.

प्रदर्शन संपलं की चित्रं परत न्यायची तारीख असते, त्यानंतर आयोजक जबाबदारी घेत नाहीत. चित्र देताना घेतलेली पोचपावती तेव्हा दाखवावी लागते. ती फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि चित्राच्या मागे तुमचं नाव, चित्राचं नाव, माप आणि वर्ष पेन्सिलीने लिहिलेलं आहे ना, ते बांधण्याआधी एकदा उलटून बघा.

नमस्कार.