मार्सुलासचा शंख

श्रोतेहो, नमस्कार. आदिमानवाची कला म्हटली की गुहेच्या भिंतींवरचे घोडे, हरणे आणि बायसन आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. त्या चित्रांपुढे काय वाजत असेल, असा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मार्सुलास गुहेत या प्रश्नाचे उत्तर मिळते.

या गुहेत 1931 साली सुमारे 31 सेंटिमीटर लांबीचा एक समुद्री शंख सापडला. ते पेय पिण्याचे पात्र असावे, असे तेव्हा मानले गेले आणि शंख तुलूजच्या संग्रहालयात पडून राहिला. त्याची नव्याने तपासणी करून संशोधकांनी 2021 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत टणक भाग असतो. तो आपोआप तुटलेला नसून मुद्दाम तोडलेला होता, आतल्या वेढ्याला भोक पाडलेले होते आणि फुंकण्याच्या टोकाला पोकळ नळी बसवली जात असावी, असे त्यांना आढळले. पूजेच्या वेळी शंख फुंकणाऱ्यांना टोक का छाटावे लागते, हे वेगळे सांगायला नको. सुमारे 18,000 वर्षांपूर्वीचे हे वाद्य एका वादकाने फुंकले, तेव्हा त्यातून तीन स्पष्ट स्वर निघाले.

मला या स्वरांहूनही मोलाची वाटते ती शंखाच्या आतली रंगकामाची खूण. तिथे बोटाच्या टोकाने उमटवल्यासारखे लाल ठिपके आहेत आणि त्याच गुहेच्या भिंतीवर एक बायसन अशाच सुमारे 300 लाल ठिपक्यांनी रंगवलेला आहे. चित्र आणि वाद्य यांना एकाच रीतीने सजवणाऱ्या या माणसांनी दोन्ही कला वेगळ्या मानल्या असतील, असे मला वाटत नाही.

याहून कितीतरी जुना दाखला जर्मनीतील होले फेल्स गुहेचा आहे. तिथे 2008 मध्ये गिधाडाच्या पंखातील हाडापासून केलेली, पाच छिद्रांची, किमान 35,000 वर्षांपूर्वीची बासरी मिळाली. मॅमथच्या सुळ्यात कोरलेली स्त्रीमूर्तीही तिच्यापासून मीटरभराच्या आतच सापडली होती. बासरीच्या छिद्रांजवळ बारीक रेषा कोरलेल्या आहेत. छिद्रे कुठे पाडायची याचे माप घेण्यासाठीच कारागिराने त्या आखल्या असाव्यात, असे संशोधकांना वाटते.