हा ड्रम इथे कशासाठी आहे?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'कारखान्यातील घातक रसायनांना सुरक्षित पर्याय निवडण्याची पद्धत'. पद्धत सांगणार आहे, काळजी नसावी. पण आधी थोडं वेगळं बोलू द्या, कारण नुसती पद्धत सांगितली की लोक ती वहीत उतरवून घेतात आणि कंपनीत जाऊन नेमकं उलटं करतात. समोर बहुतेक सेफ्टीवाले आणि प्रॉडक्शनवाले दिसतायत. पर्चेसचं कोण आहे? एकच हात. बरं, त्यांना शेवटपर्यंत कुणी बाहेर सोडू नका.

तर विषय तेलकट लोखंडाचा. जॉबवरचं, म्हणजे मशिनवर घडवलेल्या भागावरचं, तेल काढल्याशिवाय प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, बसत नाही, रंग धरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर उत्तर होतं कार्बन टेट्राक्लोराइड. तेल झकास निघायचं, आग लागायची नाही, फक्त माणसांची यकृतं जायची. मग आलं ट्रायक्लोरोइथिलीन, आपलं 'ट्रायक्लो'. ते इतकं सोज्वळ समजलं जायचं की डॉक्टर भूल द्यायला वापरत, बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून हुंगायला देत.

हे ट्रायक्लो चालायचं व्हेपर डीग्रीझरमध्ये, म्हणजे वाफेनं तेल काढणाऱ्या यंत्रात. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोल टाकी, तळाशी ट्रायक्लो, ते ८७ अंशांना उकळतं. वरच्या कडेला थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी, मध्ये वाफेचा थर. गार जॉब आत सोडला की वाफ त्याच्या अंगावर द्रव होऊन ओघळते आणि तेल घेऊन खाली जाते. जॉब बाहेर येतो कोरडा आणि लख्ख. यंत्र म्हणून देखणं आहे, मला आजही आवडतं. फक्त ती वाफ हवेच्या साडेचार पट जड असते, टाकीत साचून राहते. तळ साफ करायला उतरलेली माणसं अशा टाक्यांमधून जिवंत वर आलेली नाहीत.

सत्तरच्या दशकात प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोग दिसला, तेव्हा बऱ्याच कंपन्या १,१,१-ट्रायक्लोरोइथेनकडे वळल्या. ते माणसाला बरंच सौम्य, पण ओझोनच्या थराला नाही. १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि १९९० मध्ये लंडनला या द्रावकाचंही नाव त्यात घातलं गेलं. पुन्हा शोधाशोध. काही जण गुपचूप ट्रायक्लोकडे परतले, काहींना विक्रेत्यांनी एन-प्रोपिल ब्रोमाइड आणून दिलं. ओझोनला त्या मानाने बरं, कुठल्या यादीत नाही, टाकीसुद्धा जुनीच चालते! पुढे तेच ब्रोमाइड घातलेला गोंद फवारणाऱ्या कामगारांचे पाय बधिर झाले, धड चालता येईना. अमेरिकेने २०२२ मध्ये ते घातक वायुप्रदूषकांच्या यादीत टाकलं. दरम्यान आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये ट्रायक्लोवर 'माणसात कर्करोग करणारं' असा शिक्का मारलाच होता. आगीतून फुफाट्यात, फुफाट्यातून परत आगीत, आणि टाकी जागच्या जागी.

माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या काळात प्रश्नच चुकीचा विचारला गेला. प्रश्न होता, 'याच्याऐवजी काय?' हा प्रश्न विक्रेत्याला विचारलात की तो त्याच रसायनाचा सख्खा भाऊ आणून उभा करणार. तसाच उकळणारा, तसाच तेल विरघळवणारा, म्हणजे बहुधा शरीरातही तशाच उचापती करणारा. विचारायचं असतं ते हे, की हा ड्रम मुळात इथे कशासाठी आहे?

एक कंपनी, नाव घेत नाही. ट्रायक्लो बंद करा असं वरून फर्मान आलं. मीटिंग बसली. पर्चेसच्या साहेबांनी टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या ओळीनं मांडल्या, अत्तराच्या दुकानासारख्या. प्रत्येकीवर हिरवं पान. (मला कधीतरी हिरव्या पानाशिवाय आलेली बाटली बघायची आहे.) मी विचारलं, जॉबवर हे तेल येतं कुठून? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेल म्हणजे तेल! मशिनवरचं! मी म्हटलं, मशिनवर तर पाण्यातलं कूलंट, कापताना जॉब थंड ठेवणारं, आहे, मी आत्ताच बघून आलो. मग फोनाफोनी झाली. निघालं असं की मशिनिंग झालेला जॉब प्लेटिंगला जाईपर्यंत रॅकवर पडून राहतो, तिथे गंजतो, म्हणून त्याला आरपी ऑइल, गंज रोखणारं जाड तेल, चोपडतात. आणि ते चिकट तेल साध्या धुण्यानं निघत नाही, म्हणून ट्रायक्लो. आता जॉब रॅकवर का पडतो? कारण प्लॅनिंगवाला मोठमोठ्या बॅच सोडतो. तो का सोडतो? तसा फॉर्म आहे म्हणून.

मग बॅच लहान केल्या. जॉब मशिनवरून त्याच पाळीत थेट प्लेटिंगला जायला लागला. आरपी ऑइल गेलं. राहिलं फक्त कूलंट, आणि ते प्लेटिंगच्या लाइनवर आधीपासूनच असलेल्या गरम अल्कली वॉशमध्ये निघून जातं. तोही काही गुलाबपाण्याचा हौद नव्हे, त्यात कॉस्टिक असतं, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. पण तो धोका समोर दिसतो, त्याला गॉगल आणि आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा फवारा, आहे, आणि कर्करोगासाठी वीस वर्षं वाट बघावी लागत नाही. डीग्रीझर भंगारात गेला. त्या प्लॅनिंगवाल्याच्या वार्षिक मूल्यमापनात काय लिहिलं असेल? 'इन्व्हेंटरी कमी केली.' बस्स. आणि पर्यावरणाचं बक्षीस त्या वर्षी दुसऱ्याच खात्याला मिळालं, कागदी कप बंद केल्याबद्दल.

हसू नका, माझी ही जुनी तक्रार आहे. आणि तुमच्या भिंतीवर मास्क घातलेल्या माणसाचं पोस्टर आहे ना, त्याच्याबद्दलही. धोका कमी करायच्या उतरंडीत सगळ्यात वर रसायन काढून टाकणं, मग बदलणं, मग यंत्रणा आणि हवा खेळवणं, मग कामाचे नियम आणि सगळ्यात तळाला मास्क. प्रत्यक्षात खरेदीची सुरुवात मास्कपासून होते, कारण मास्कला कुणाच्या बॅचचा आकार बदलावा लागत नाही.

मघाशी 'कुठल्या यादीत नाही' म्हणालो, त्यावरून आठवलं. जपानमध्ये ओसाकाच्या एका ऑफसेट छपाईच्या कारखान्यात रोलरवरची शाई पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन वापरायचे. दुसऱ्या द्रावकांवर बंधनं होती, हे मोकळं होतं. हवा खेळत नव्हती. २०१२ च्या सुमारास उघडकीला आलं की तिथल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग होतोय, जो एरवी म्हाताऱ्या माणसांत आणि क्वचित दिसतो. त्या एका ठिकाणी सतरा जण निघाले. २०१४ मध्ये या रसायनावरही तोच शिक्का बसला. शिक्का बसायच्या आधी ते काय सुरक्षित होतं? माणसांत ते काय करतं हे कुणी नीट तपासलंच नव्हतं.

आणि याच कामाला पर्याय होता, वनस्पती तेलांची एस्टर, म्हणजे त्या तेलांपासून बनवलेली द्रावकं. ती उडतच नाहीत, म्हणून नाकात जात नाहीत. पण उडत नाहीत म्हणूनच शेवटी ओल्या फडक्याचा एक हात जास्तीचा मारावा लागतो. तो जास्तीचा हात सुपरवायझरला परवडायला हवा. शिवाय काही वनस्पती तेलांनी भिजलेली फडकी ढिगात टाकली तर आपोआप तापून पेट घेतात, त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा लागतो. हे बाटलीवरच्या हिरव्या पानावर लिहिलेलं नसतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं. मग पद्धत.

रसायनांची यादी नावावारी करू नका, कामावारी करा. ड्रमवर काय लिहिलंय यापेक्षा तो काय करतो ते आधी: तेल काढतो, पातळ करतो, लवकर वाळवतो. ते काम रद्द होतं का बघा. त्यानंतर यांत्रिक उपाय आहे का बघा. रसायनावर शेवटी या.

रसायनांची तुलना करताना जर्मनांची रकान्यांची पद्धत वापरा. तात्काळ विषबाधा, दीर्घकालीन आजार, पर्यावरण, आग, हवेत किती उडतं, प्रक्रिया उघडी की बंद, असे वेगवेगळे रकाने. गुणांची बेरीज करू नका. बेरजेत कर्करोग आणि ज्वलनशीलता एकमेकांत बुडून जातात. आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. माहिती नसेल तर लाल समजून चाला.

रेणूचं खानदान बघा, पण डोळसपणे. हेक्झेन नावाच्या द्रावकाचं शरीरात २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते नसा खातं, सगळ्यात लांब नसा आधी, म्हणून पाय आणि हात. कॅलिफोर्नियात क्लोरीनवाले ब्रेक क्लीनर नकोत म्हणून हेक्झेनचे आले आणि गॅरेजमधले मेकॅनिक हात-पाय बधिर करून बसले. त्यात ॲसिटोन मिसळलेलं असलं तर आणखी वाईट. एक कार्बन जास्त असलेलं हेप्टेन नसांना तसं करत नाही. मग ते का घेत नाहीत? हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, हेप्टेन ९८ ला, म्हणजे वाळायला वेळ लागतो. तो वेळ हिशेबात धरा आणि लिहून द्या. पर्चेसच्या साहेबांना विनंती, लिटरचा भाव लावताना एक्झॉस्टची वीज, कचऱ्याची विल्हेवाट, वैद्यकीय तपासण्या त्याच ओळीत मिळवा. आकडा बदलतो.

ट्रायल प्रयोगशाळेत नको, रात्रपाळीत घ्या, जो माणूस ते रोज वापरणार त्याच्या हातून. आणि नवं सुरू केलं त्या दिवशी जुने ड्रम स्टोअरमधून हलवा, परत पाठवा किंवा अधिकृत विल्हेवाटीला द्या, स्टोअरच्या यादीतून त्यांचा कोडही काढून टाका. कोड राहिला तर पहिल्याच अर्जंट ऑर्डरला कुणीतरी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरतं आणि ड्रम परत दारात येतो. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, पर्चेसचे साहेबही तिथेच असतील.